बोललेलं कापड

हडर्सफील्डच्या त्या गल्लीत पाच पायऱ्या उतरून
साइक्सचं शिवणकामाचं दुकान होतं.
मी सोळा संपून सतरावं लागलेली, हातात झाडू.
पहिल्याच दिवशी वरच्या फळीवरच्या राखी थानाला हात लावला
तर झिला ब्यूमाँट तोंडातल्या टाचण्यांआडून म्हणाली,
"ते नको. ते बिस्पोकन आहे."

बिस्पोकन. बोलून ठेवलेलं.
कुणीतरी येतं, दोन बोटांत कापड चोळून बघतं,
हे माझं, एवढंच म्हणतं,
आणि मग ते थान दुकानात असूनही
दुकानाचं राहत नाही.
कात्री त्याला शिवत नाही,
सुईही शिवत नाही.
गिऱ्हाईक केवढंही मोठं असो, साइक्स मान हलवायचे :
शब्द पडलाय त्यावर.

जुनी माणसं माणसांनाही तोच शब्द लावायची
हे पुढच्या शनिवारी कळलं.
गिरणीतले मुकादम क्रॉदर, वर्षभरापूर्वी विधुर झालेले,
टोपी हातात धरून आले
झिलाला चॅपेलच्या चहाला बोलवायला.
तिने खडूची रेघ आधी पुरी केली.
"मी बिस्पोकन आहे, मिस्टर क्रॉदर."
ते कानांपर्यंत लाल झाले,
माफी मागत पायऱ्या चढले,
तिसरीवर अडखळले.
बावन्न वर्षांच्या बाईला कुणी विचारलं नाही
कुणाशी, कधीपासून, अंगठी कुठे आहे.

आम्हा मुलींचा शब्द होता एंगेज्ड.
पण तो तर स्टेशनातल्या संडासाच्या दारावरही असायचा.
आतून कडी सरकवली की पाटी फिरायची.
"पाच मिनिटांत रिकामा होणारा शब्द," झिला म्हणायची.
मी चिडायचे.
मग त्रेसष्ट साली माझी पाटी फिरली,
क्लिफर्ड, नीलमण्याची अंगठी, पेपरात दोन ओळी,
आणि चार महिन्यांनी अंगठी
रजिस्टर पोस्टाने परत गेली.
झिलाने काही विचारलं नाही.
त्या दिवशी माझ्या वाटची काजी तिने केली, बस.

बहात्तरमध्ये साइक्स गेले, दुकान मिटलं.
आवरताना खतावणी सापडली, पाठ फाटलेली.
एकतीस साल, सप्टेंबर :
राखी लोकर, बारीक निळी रेघ, साडेतीन वार.
बोलून ठेवलं. अनामत पाच शिलिंग.
नावाच्या रकान्यात झेड. बी.
खाली दरवर्षी त्याच महिन्यात सहा पेन्स,
तेच तिरपं अक्षर, लढाईच्या वर्षांतही.
शेवटच्या ओळीत नव्या चलनातले
अडीच पेन्स.

मी वही तिच्यापुढे धरली.
ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
"म्हणजे कुणीच नव्हतं?"
"मी होते की," झिला म्हणाली.

मग उठली, हात पसरून उभी राहिली.
"घे माप. डावा खांदा उतरलाय, लपवू नकोस."

थान उलगडलं. डांबरगोळ्यांचा वास.
घडीच्या कडेवर उन्हाने ओढलेली पिवळी रेघ,
आत राखी रंग जसाच्या तसा.
कात्री उघडून मी तशीच थांबले,
विचारावं लागतं ना, ज्याने शब्द टाकलाय त्याला.
तिने मान हलवली,
साइक्स हलवायचे तशी नाही,
वरून खाली.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, बाजारात, चीजच्या गाड्यापाशी
क्रॉदर भेटले, काठी टेकत.
टोपी काढली, कोटाची बाही दोन बोटांत चोळून बघितली,
गिरणीच्या माणसाला राहवत नाही.
"कापड चांगलं आहे," म्हणाले.

झिलाने कोट उघडून दाखवला,
आतली बाजू, भर बाजारात.
"आणि खिसे बघा, मिस्टर क्रॉदर. दोन आहेत."